एक्झिट पोल आणि आमचा मोहल्ला

१ जून २०२४च्या संध्याकाळी साडेसहा वाजता बंदी उठली आणि वाहिन्यांवर आकडे धावू लागले. लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान नुकतंच संपलं होतं. अॅक्सिस माय इंडियाने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, टुडेज चाणक्यने ४००च्या घरात, सी-व्होटरने ३५३ ते ३८३. बाकीचे थोडेफार इकडेतिकडे. एनडीए साडेतीनशेच्या पुढे जाणार यावर जवळपास एकमत होतं.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात नेहमीइतकीच माणसं होती, पण आवाज नव्हता. कुणी म्हणालं, आता घटना बदलणार. कुणी म्हणालं, मुलांचे पासपोर्ट काढून ठेवलेले बरे. एका शेजाऱ्याने जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, वडिलांच्या नावाचा जुना सातबारा असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून कपाटात ठेवल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलं. हसत सांगितलं, पण पिशवी खरीच भरली होती.

सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणी सुरू झाली आणि तोच सेन्सेक्स जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. एनडीए २९३, इंडिया आघाडी २३४, एकट्या भाजपच्या २४०. एका चाचणी संस्थेच्या प्रमुखांना थेट प्रक्षेपणात रडू कोसळलं, तेही देशाने पाहिलं. शेअर बाजारात बुडालेल्या पैशांचा हिशेब पुढे बरेच दिवस चालला, संयुक्त संसदीय समितीची मागणीही झाली. त्या तीन दिवसांत घराघरांत राहायला आलेल्या भीतीचा हिशेब कुणी मागितला नाही. तो मागायचा तरी कुणाकडे, म्हणा.

निकालाच्या रात्री आमच्याकडे पेढे वाटले गेले. मला या प्रसंगाची आजही गंमत वाटते. सरकार एनडीएचंच येणार होतं, पंतप्रधानही तेच राहणार होते. ज्यांना आम्ही मत दिलं नव्हतं ते सत्तेत बसत होते, आणि पेढे आमच्याकडे! शंभरीही न गाठता ९९ वर थांबलेली काँग्रेस जिंकल्यासारखी वागत होती आणि २४० जागा मिळवलेला पक्ष हरल्यासारखा दिसत होता. हा चमत्कार मतदारांनी केला नव्हता. आधी 'चारसौ पार'च्या घोषणेने आणि मग तीन दिवसांच्या आकड्यांनी एक मोजपट्टी आमच्या हातात दिली होती आणि आम्ही सगळे, दोन्ही बाजूंचे, त्याच पट्टीने निकाल मोजत होतो. एक्झिट पोल नसते तर २९३ हा साधा बहुमताचा आकडा दिसला असता.

जनमत चाचणी चुकते हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. २००४मध्ये 'इंडिया शायनिंग'च्या काळात बहुतेकांनी वाजपेयी सरकार परत येणार असं सांगितलं होतं आणि आलं मनमोहन सिंगांचं. तेव्हाही चर्चा झाली, तेव्हाही वाहिन्यांनी थोडी मान खाली घातली आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा तेच टेबल, तेच रंगीत तक्ते. त्यामुळे 'हे खोटारडे आहेत' असं म्हणून मोकळं होण्यात मला रस नाही. खोटारडे असतीलही काही. पण २०१९ला यांच्यातल्याच बहुतेकांचा अंदाज बरोबर आला होता, म्हणून तर २०२४ला आपण त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझा प्रश्न वेगळा आहे. हे आकडे आपल्या डोक्यात शिरून काय करतात, आणि ज्या समाजाला प्रत्येक निवडणुकीत 'जिंकून येईल त्यालाच मत द्या' असं शिकवलं जातं, त्या समाजाचं त्यांनी काय होतं?

आधी आकडे का फसतात ते थोडं पाहू, कारण त्यात कुणाचं कारस्थान असायलाच हवं असं नाही.

२०१९ला भाजपला देशभरात ३७.३६ टक्के मतं होती, २०२४ला ३६.५६. म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घट. जागा मात्र ३०३वरून २४०वर आल्या. त्रेसष्ट जागांचा फरक! हजार माणसांना विचारून केलेल्या चाचणीत, सगळं शास्त्रशुद्ध केलं तरी, तीन टक्के इकडे किंवा तिकडे चूक होऊ शकते. नमुना वाढवला की चूक कमी होते, पण चुकीची माणसं विचारली असतील तर नमुना कितीही मोठा असून उपयोग नाही. अमेरिकेत १९३६मध्ये 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त लोकांची उत्तरं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार म्हणून जाहीर केलं. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्याकडे फोन नव्हता आणि मोटार नव्हती त्यांनी रूझवेल्टना ४८पैकी ४६ राज्यं दिली.

बरं, टक्केवारी बरोबर आली तरी जागा कशा काढणार? आपल्याकडे ज्याला एक मत जास्त तो खासदार. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमध्ये जेमतेम एखाद्या टक्क्याचं अंतर होतं. जागा पडल्या ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अठ्ठेचाळीस! एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडात याहून जास्त माणसं असतात. ही जागा कुणाकडे जाणार हे जगातला कुठला सर्व्हे सांगू शकला असता? तरीही पडद्यावर महाराष्ट्रासमोर एक आकडा असतो, त्याला एक बाण असतो आणि समोर बसलेले चार जण त्या बाणाची कारणं सांगत असतात. कारणं सांगितली की आकडा खरा वाटायला लागतो.

ऑक्टोबरमध्ये हरियाणात याची दुसरी बाजू दिसली. झाडून सगळ्या एक्झिट पोलनी काँग्रेसला सत्ता दिली. निकाल लागला तेव्हा भाजप ४८, काँग्रेस ३७. दोघांच्या मतांतलं अंतर एका टक्क्याच्या आत. मग महाराष्ट्राची विधानसभा आली. लोकसभेचा ३०-१७ हा निकाल सगळ्यांच्या डोक्यात एखाद्या मोठ्या चाचणीसारखा बसला होता. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला पुढे दाखवलं होतं खरं, पण आमच्याकडे लोकांनी त्यातले आपल्याला हवे तेवढे दोन पोल निवडून फॉरवर्ड केले, ज्यांत अटीतटीची लढत होती. २३ नोव्हेंबरला महायुतीच्या तीन पक्षांच्या मिळून २३० जागा आल्या. महाविकास आघाडीच्या तीन पक्षांच्या ४६.

त्या दिवशी दुपारनंतर आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं, 'हे होऊच शकत नाही.' मतयंत्रांबद्दल, मतदारयाद्यांबद्दल, शेवटच्या तासातल्या मतदानाबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि त्यांची समाधानकारक उत्तरं देणं हे निवडणूक आयोगाचं काम आहे. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण 'एक्झिट पोलमध्ये तर आपण बरोबरीत होतो' हा पुरावा कसा होईल? ज्या चाचणीला आपण जूनमध्ये विकलेली म्हणालो, तीच नोव्हेंबरमध्ये साक्षीदार म्हणून उभी करता येत नाही. माझ्या एका जवळच्या मित्राशी यावरून माझं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, तुला काय, तू अभ्यास करत बस. दोन महिने बोलत नव्हता.

आता या आकड्यांतला मुसलमान कसा असतो ते बघा.

जनगणनेप्रमाणे (२०११ची, नवी अजून यायची आहे) महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. राज्यभरात हजार माणसांची चाचणी घेतली आणि सगळ्या समाजांना योग्य प्रमाण दिलं, तर त्यात मुसलमान येणार एकशे पंधरा. या एकशे पंधरा जणांत कोकणातला खलाशी आला, मालेगावचा यंत्रमागवाला आला, भिवंडीचा, नांदेडचा, मिरजेचा, मुंब्र्याचा आला. एवढ्याशा संख्येवरून काढलेल्या टक्केवारीत नऊ-दहा टक्क्यांची चूक सहज होऊ शकते. त्यातल्या बायका वेगळ्या काढल्या तर पन्नास-साठ. पण रात्री नऊच्या चर्चेत 'मुस्लिम महिलांचा कल' म्हणून अर्धा तास जातो. त्या पन्नास-साठ जणींपैकी एखादी ते बघत असेल तर तिला काय वाटत असेल, देव जाणे.

आणि त्या एकशे पंधरा जणांना विचारतं कोण? माझा एक भाचा कॉलेजात असताना अशा एका सर्वेक्षण कंपनीच्या कामाला लागला होता. टॅबलेट द्यायचे, बूथची यादी द्यायचे, दिवसाला इतके फॉर्म झाले पाहिजेत असं सांगायचे. पैसे फॉर्मप्रमाणे. गळ्यात ओळखपत्र, त्यावर मोठ्या अक्षरात नाव. तो सांगायचा, "मामू, दुसऱ्यांच्या गल्लीत गेलो की लोक आधी माझं ओळखपत्र वाचतात आणि मग उत्तर देतात. एक आजोबा सगळे फॉर्म संपेपर्यंत म्हणत होते, 'सगळेच पक्ष चांगले आहेत हो.' आधी असं काही म्हणत नव्हते, नाव वाचल्यावर म्हणायला लागले."

मग आपल्या मोहल्ल्यात तरी सोपं जात असेल, असं मला वाटलं. तर म्हणाला, "तिथे तर जास्त अवघड." कारण हे २०२०नंतरचे दिवस होते. सीएए, एनआरसीच्या चर्चेनंतर कुणी हातात टॅबलेट घेऊन दारात उभं राहिलं आणि घरात किती माणसं, वय काय, शिक्षण काय असं विचारू लागलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "ये काहे का फॉर्म है बेटा?" दार पुरुषाने उघडलं तर तोच सगळ्यांच्या वतीने बोलणार. पडद्याआडून खाला म्हणणार, "जो इनका, वो मेरा." खालाचं मत तिकडे मतदान केंद्रात वेगळंही पडत असेल, कोण सांगणार? सावध मुसलमान तर विचारणारा कुणीही असो, त्याला आवडेल असंच नाव सांगतो. दंगल पाहिलेल्या माणसाचं हे शहाणपण आहे, याला खोटं बोलणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण चाचणीच्या तक्त्यात ते 'मत' म्हणूनच जमा होतं.

संध्याकाळी फॉर्म कमी पडले की काही मुलं हॉटेलात बसून उरलेले आपल्या अंदाजाने भरायची, हेही भाच्यानेच सांगितलं. मुलांना दोष देत नाही. उन्हात दिवसभर फिरून हातात काय पडायचं ते मला माहीत आहे. सगळ्या संस्था असंच करतात असंही मी म्हणणार नाही. दिल्लीच्या सीएसडीएससारख्या संस्थेने सर्वेक्षणाची पद्धत अनेक वर्षं घासूनपुसून बसवली आहे, मतदारयादीतून नावं निवडायची, घरी जायचं, खोटी मतपत्रिका आणि पेटी देऊन उत्तर गुप्त ठेवायचं. पण वाहिन्यांना हवी असते घाई, आणि घाईत खालाच्या पडद्याआड कोण जाणार?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. एक्झिट पोल मतदानानंतर येतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६अ कलमाने शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत ते दाखवायला बंदी आहे. त्यामुळे ते मन बिघडवतात, मत बिघडवू शकत नाहीत. मतदानाआधीच्या चाचण्यांना मात्र शेवटचे ४८ तास सोडले तर रान मोकळं आहे. आणि खरी मेख तिथे आहे.

मी औरंगाबादचा. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव आयोगाच्या दप्तरी औरंगाबादच आहे. इथून १९९९पासून चंद्रकांत खैरे सलग चार वेळा निवडून आले. आमच्या लहानपणापासून मतदानाचं गणित एकच होतं, जो खैरेंना पाडू शकेल त्याला मत. उमेदवार कोण, त्याने काय केलं, काय करणार, या प्रश्नांना जागाच नव्हती. 'पाडू शकेल का' एवढंच. आणि ते कळणार कसं? तर 'सर्व्हे काय म्हणतो' यावरून.

२०१९ला एमआयएमचे इम्तियाज जलील उभे राहिले, वंचित बहुजन आघाडीबरोबर. मी पाहिलेल्या चाचण्यांत महाराष्ट्राच्या ४८ जागा भाजप-सेना युती आणि काँग्रेस आघाडी यांच्यातच वाटून संपत होत्या. तिसऱ्याला जागाच शिल्लक नसायची. मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींनी हेच आकडे दाखवून सांगितलं, पतंगाला मत म्हणजे मत वाया. जनतेने ऐकलं नाही. हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले, त्यांनी दोन लाख ८३ हजार मतं घेतली, आणि इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. चाचणीवर विश्वास ठेवला असता तर ही जागा आली नसती. एमआयएमच्या राजकारणाबद्दल माझी मतं काय आहेत ते वाचकांना माहीत आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. मुद्दा एवढाच की निवडून येऊ शकणारा उमेदवार चाचण्यांनी 'वाया' ठरवला होता.

२०२४ला उलटं झालं. शिवसेना फुटलेली. एका बाजूला शिंदे गटाचे संदीपान भुमरे, दुसऱ्या बाजूला ठाकरे गटाचे तेच खैरे, आणि इम्तियाज जलील. ज्या खैरेंना पाडण्यासाठी आमच्या दोन पिढ्यांनी मतं दिली, त्यांनाच आता निवडून आणा, असं सांगणारे लोक मोहल्ल्यात फिरू लागले. शिवसैनिक आमच्या गल्लीत चहा प्यायला येऊ लागले, हेही आयुष्यात पाहायचं राहिलं होतं. १३ मेच्या मतदानाच्या आधीच्या आठवड्यात माझ्या फोनवर निदान सहा वेगवेगळे 'सर्व्हे' आले. कुणाचा 'गुप्त अहवाल', कुणाचा 'आयबी रिपोर्ट', एका वाहिनीच्या बोधचिन्हाचा तक्ता, जो त्या वाहिनीने कधी दाखवलाच नव्हता. एकात खैरे वीस हजारांनी पुढे, दुसऱ्यात जलील. सगळ्यांच्या शेवटी एकच वाक्य, 'मत वाया घालवू नका.'

मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या घरात यावरून भांडण झालं. अब्बा खैरेंच्या बाजूचे, माझा धाकटा भाऊ जलील यांच्या. अम्मी म्हणाली, दोघंही आपापल्या मोबाईलमधला कागद दाखवताय, उमेदवाराचं काम कुणीच दाखवत नाही. मला तेव्हा हसू आलं होतं.

निकालात भुमरे सुमारे एक लाख ३४ हजार मतांनी निवडून आले. जलील दुसरे, खैरे तिसरे. म्हणजे ज्यांनी 'निवडून येणारा' म्हणून खैरेंना मत दिलं त्यांनी तिसऱ्याला दिलं. बरं, दुसऱ्या आणि तिसऱ्याची सगळी मतं एकत्र झाली असती तर, असा हिशेब लगेच सुरू झाला. कागदावर तो बरोबरही आहे. पण खैरेंचा मतदार जलीलना मत देणार होता का, की माणसं म्हणजे पोती आहेत, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकायला?

सहा महिन्यांनी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमधून जलील पुन्हा उभे राहिले आणि अतुल सावेंकडून दोन हजारांच्या थोड्या वर मतांनी हरले. इतर मुस्लिम उमेदवारांना पडलेली मतं त्या फरकाहून कितीतरी जास्त होती. मग 'मतं फोडली' म्हणून शिव्याशाप. एका विधानसभा मतदारसंघात कोण कितीने पुढे आहे हे सांगणारी विश्वासार्ह चाचणी कुणी घेतलेली नव्हती, वाहिन्या घेत असतात राज्याची. म्हणजे फोडणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि शिव्या देणाऱ्यालाही. जो तो आपल्या फोनवरच्या कागदाला सर्व्हे समजत होता. आणि मत 'फोडलं' म्हणताना ते आधी कुणाच्या तरी मालकीचं होतं असं आपण धरून चालतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

मालेगावचं उदाहरण तर 'मुस्लिम मत' नावाच्या रकान्याची पार दैना करणारं आहे. लोकसभेला धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. एकट्या मालेगाव मध्यमधून त्यांना एक लाख ९८ हजारांच्या वर मतं पडली, भाजपला साडेचार हजार. यावरून 'व्होट जिहाद'चा आरोप झाला आणि तो शब्द विधानसभेच्या प्रचारात राज्यभर फिरला. हाच मालेगाव मध्य नोव्हेंबरमध्ये असा दुभंगला की मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख या दोघांत निकाल लागला १६२ मतांनी. तीच गल्ली, तेच यंत्रमाग, तेच लोक. मे महिन्यात एकगठ्ठा, नोव्हेंबरमध्ये बरोबर अर्धे-अर्धे. समोर प्रश्न बदलला तसं उत्तर बदललं, कुणाही मतदाराचं बदलतं तसं. चाचणीच्या तक्त्यात मात्र मुसलमानांसाठी एकच रकाना असतो आणि पहिल्या निवडणुकीचं उत्तर दुसऱ्या निवडणुकीचं भाकीत म्हणून वापरलं जातं.

कधी कधी बरोबर आलेला अंदाजही लोकांपर्यंत पोहोचत नाही, हेही सांगायला हवं. २०१५च्या बिहार निवडणुकीत बहुतेक वाहिन्या अटीतटीचं किंवा भाजपच्या बाजूचं चित्र रंगवत होत्या. एका संस्थेने नितीशकुमार-लालूप्रसाद यांच्या महाआघाडीला पावणेदोनशेच्या आसपास जागा दिल्या होत्या. ज्या वाहिनीसाठी हे काम झालं होतं तिने तो अंदाज दाखवलाच नाही, बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा होता म्हणून. महाआघाडीला १७८ जागा मिळाल्या. ती संस्था अॅक्सिस. तीच, जिने २०२४ला ४०१चा आकडा दिला.

आमच्या मोहल्ल्यात एक इकबालचाचा आहेत (नाव बदललं आहे, त्यांना लिहिलेलं आवडत नाही). महापालिकेतून निवृत्त झाले. त्यांच्याकडे शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही आहे. तीत आमच्या प्रभागातल्या प्रत्येक मतदान केंद्राचे, मागच्या पाच-सहा निवडणुकांचे आकडे हाताने लिहिलेले आहेत. निकालानंतर आयोग 'फॉर्म २०' प्रसिद्ध करतो, कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचा. चाचा सायबर कॅफेत जाऊन तो काढून आणतात आणि वहीत उतरवतात. मागच्या वेळी त्यांच्याकडे बसलो होतो. तरुण मुलं आली, म्हणाली, चाचा, सर्व्हेत काय आहे, कुणाला द्यायचं? चाचांनी वही उघडली. आपल्या केंद्रावर चौदाशे मतं आहेत, गेल्या वेळी मत द्यायला आले साडेसातशे. उरलेले साडेसहाशे कुठे होते ते आधी शोधून काढा, म्हणाले. त्यात तुमचा मोठा भाऊ होता, मला माहीत आहे. तो पुण्याला कामाला असतो. त्याचं नाव इथून कमी करून तिकडे लावलं का? मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकाने फोन काढला आणि मतदारयादीत नाव शोधायला सुरुवात केली. नाव दोन ठिकाणी निघालं.